बॉयलरचा दसरा

पितृपंधरवडा लागला की आमच्या घरात मला बसायला जागा उरत नाही. आमच्याकडे याला ‘दसरा काढणे’ म्हणतात. घरातली यच्चयावत वस्तू बाहेर काढायची, घासायची, धुवायची, उन्हात वाळवायची आणि घट बसायच्या आत पुन्हा जागच्या जागी न्यायची. या यच्चयावत वस्तूंत घरचा कर्ता पुरुषही मोडतो. त्याला धूत मात्र नाहीत, नुसता इकडून तिकडे हलवतात. आज सकाळपासून मी पायरीवरून पाटावर, पाटावरून ट्रंकेवर आणि ट्रंकेवरून लिंबाच्या पारावर असा प्रवास केला आहे.

“अहो, उठा बघू. ट्रंक पुसून झालीय,” आमची मंडळी म्हणाली.

“पुसलेल्या ट्रंकेवर बसलं तर काय होतं?”

“ट्रंक पुसलीय. तुम्हाला कुणी पुसलंय?”

यावर मी निमूट पारावर आलो. संसारात पडून बरीच वर्षं झाली की माणसाला आपली जागा कळते. न कळली तर दाखवतात.

समोर दोरीवर गोधड्या वाळताहेत. त्यांतली एक आईची आहे. जुन्या लुगड्यांची, निळ्या काठाची. आई चैत्रात गेली, म्हणजे तिच्याशिवाय निघणारा हा पहिलाच दसरा. तेव्हा त्या गोधडीपुढं मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. म्हटलं, अशा वेळी माणसाला काहीतरी होतं म्हणतात. डोळे भरतात, गळा दाटतो. मी बराच वेळ वाट पाहिली. शेवटी एक शिंक आली. गोधडीतली धूळ असेल, दुसरं काय.

पाय अवघडून बधिर होतो, तेव्हा आपण तो हातानं चाचपतो. तो आपलाच असतो, त्याचं वजन हाताला लागतं, पण त्याच्याकडून काही खबर येत नाही. चैत्रापासून माझं तसं झालं आहे. अजून मुंग्यासुद्धा आलेल्या नाहीत.

दसरा म्हटलं की मला घरापेक्षा मिलच आधी आठवते. आमचे आबा मिलमध्ये बॉयलर मिस्त्री. माझा थोरला भाऊ धोंडिबा, म्हणजे दादा, त्यांच्याच हाताखाली. आणि मी चार बुकं शिकलो म्हणून कचेरीत कारकून. याबद्दल घरात मला कुणी कधी बोललं नाही. फक्त जेवताना आई त्या दोघांच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी टाकायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, “तुला कशाला? तू बसूनच असतुस की.”

नवरात्र आलं की मिलही आपला दसरा काढायची. एरवी आमच्या गावाची झोप भोंग्यानं उडायची, त्या दिवसांत ती शांततेनं उडे. साचे म्हणजे कापड विणायचे माग बंद, चाकं बंद. आत गेलं की छतापासून लोंबणारा कापसाचा तूस दिसायचा, लग्नघरातल्या झालरीसारखा. शिड्या लावून, नाकातोंडाला ओलं फडकं बांधून माणसं तो उतरवायची. यंत्राला हात लावायच्या आधी त्याचा पट्टा उतरवायचा, हा पहिला नियम. ज्याचा हात आत जाणार त्यानंच पट्टा उतरवायचा, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबायचं नाही. मग रॉकेलच्या चिंध्यांनी दातेरी चाकांतलं वर्षभराचं काळं तेल पुसायचं. कढत सोड्याच्या पाण्यानं फरशी धुवायची. रॉकेल, ओला सोडा आणि गार लोखंड यांचा मिळून एक वास यायचा. तो अजून कधी कुठं आला, की मला भूक लागते. का ते ठाऊक नाही. बहुधा दसऱ्याला पुरण असायचं म्हणून. माझ्या बऱ्याच थोर भावनांच्या मुळाशी जेवण सापडतं.

आणि त्या शांततेतही माणसं ओरडूनच बोलत. साच्यांच्या गदारोळात वर्षभर तशीच सवय झालेली. एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे राहून, कुणी मेल्यासारख्या त्या शांततेत, “तंबाकू हाय का रं!” अशी आरोळी.

पण खरा दसरा बॉयलरचा. आमच्या गावचं पाणी जड. घरातल्या बंबाच्या बुडाशी पांढरा थर धरतो ना, तसाच थर बॉयलरच्या पोटात धरायचा, पण दगडासारखा. तो काढला नाही तर लोखंडाला पाण्याचा गारवा पोचत नाही, पत्रा लाल होतो आणि एक दिवस फुटतो. म्हणून वर्षाला माणूस आत उतरवायचाच. आग विझवायची. मग घाई न करता लोखंड निवू द्यायचं. पाणी सोडून द्यायचं. शेजारच्या बॉयलरांकडून वाफ आणणाऱ्या नळाचं चाक साखळीनं जखडायचं आणि कुलपाची किल्ली आबांच्या करदोट्याला. बॉयलरच्या पाठीवर एक झाकण असायचं, सडपातळ माणसाचे खांदे कसेबसे जातील एवढ्या तोंडाचं. ते उघडून आधी आत सोडायचा तो माणूस नव्हे, दिवा. दिवा विझला तर आतली हवा वाईट, कुणी उतरायचं नाही. दिवा जळत राहिला तर मग माणूस. दादा सडपातळ होता. मी नव्हतो. माझं शिक्षण होण्यात या गोष्टीचाही थोडा वाटा असावा.

आत पाणी तापवणाऱ्या दोन भल्यामोठ्या नळ्या आडव्या गेलेल्या. त्यांच्या खालून, वरून, अंग चोरून, उताणं पडून हातोडीनं तो थर खरवडायचा. लोखंडाच्या पोटात लोखंडावर लोखंड. कानात कापसाचे बोळे घालत. कापसाला मिलमध्ये काय तोटा? पण त्या आवाजाला बोळे पुरे पडत नसत. आबांचे कान मला कळायला लागायच्या आधीच गेले होते. दादाचे लग्नानंतर गेले. आमची मंडळी नवी नवरी म्हणून घरात आली, तेव्हा पहिले काही दिवस तिला वाटायचं, या घरात सकाळ-संध्याकाळ भांडणं होतात. एकदा दाराआड डोळे पुसत उभी राहिलेली मी पाहिली. आत आबा आणि दादा भोपळ्याच्या भाजीची तारीफ करत होते.

बॉयलर खरवडणारे असे कानानं गेलेले, म्हणून बॉयलर घरात एक रीत होती. झाकण लावण्याआधी आत तोंड घालून हाक मारत. पण तिच्यावर भरवसा ठेवत नसत. ज्याला ऐकूच येत नाही त्याला हाक मारून काय कळणार? भरवसा पायताणांवर. आत उतरणाऱ्यानं आपली पायताणं भट्टीच्या तोंडापुढं, विटांच्या ओट्यावर काढायची. बाहेर आला की त्यानंच ती पायात घालायची. दुसऱ्या कुणी त्यांना हात लावायचा नाही. वर झाकणापाशी असलेला माणूस खाली विचारणार, “पायताणं?” आणि खालचा ओटा बघून सांगणार. ओट्यावर एक जरी पायताण असेल तर झाकण लागत नाही, पाणी सुटत नाही, काडी ओढली जात नाही. कुठं लिहिलेलं नव्हतं हे. बॉयलर घरातल्या पोराटोरांनाही ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बायकांना. कारण त्या बॉयलर घरात वर्षातून एकदाच यायच्या, खंडेनवमीला, पूजेला.

एका वर्षी काम रेंगाळलं होतं. खंडेनवमीची सकाळ उजाडली तरी बॉयलरचं टोकाचं थोडं खरवडायचं राहिलं होतं. बाकीचे आटोपून बाहेर आले, आपापली पायताणं घालून आंघोळीला गेले. ते गेल्यावर दादा एकटाच पुन्हा आत शिरला. त्याला अर्धवट काम ठेवून पूजेला उभं राहणं जमायचं नाही. आबा कचेरीत मॅनेजरसाहेबांना पूजेला आणायला गेले होते आणि साहेबांच्या गळ्यात घालायचा हार धरायला म्हणून मी त्यांच्याबरोबर. नव्या कोटात. शिकल्याचा असा उपयोग व्हायचा.

इकडे आई नैवेद्य घेऊन बॉयलर घरात आली. भट्टीपुढचा ओटा धुवून रांगोळी काढायची होती. पाणी घेऊन वाकली, तर ओट्यावर पायताणं. तिनं ती ओळखली. ओळखणार नाही कशी, तिच्याच लेकाची. काजळीनं माखलेली, चिखल वाळलेली. देवापुढं, ऐन पूजेच्या जागी. घरभर दसरा काढून आलेली बाई ती. तिचे हात अजून थांबले नव्हते. तिनं पायताणं उचलली, अंगणातल्या नळाखाली नेऊन राखेनं घासून धुतली आणि भिंतीशी उन्हात उभी करून ठेवली. मग परत येऊन तिनं ओटा धुतला आणि त्यावर रांगोळी काढली. तशी रांगोळी तिनं पुन्हा कधी काढल्याचं मला आठवत नाही.

बाहेर हलगी-सनई सुरू झाली होती, त्या गलक्यातच वरच्यांनी झाकणातून आत हाक मारली. मग खाली विचारलं, “हुसेनभाई, पायताणं?”

हुसेनभाई म्हणजे आमचे फायरमन. आग पेटवणं त्यांचं काम. आबांचे जिवाचे दोस्त. त्यांनी ओटा पाहिला. ओट्यावर रांगोळी, नारळ, झेंडूची फुलं.

“एक बी नै!” हुसेनभाई म्हणाले. “साफ है. लगाव झाकन!”

झाकण लागलं. सगळे बोल्ट आवळले. खालून पाणी सुटलं.

आम्ही साहेबांना घेऊन पोचलो तेव्हा हलगी-सनई जोरात होती. उदाचा धूर, बायकांची गर्दी. पाणी भरत होतं, पूजा चालली होती. पूजा आटोपून शुभवेळेवर आग पेटवायची, असा बेत. मी नारळ फोडला, तो दुसऱ्या फटक्याला फुटला आणि पाणी साहेबांच्या पाटलोणीवर उडालं. लोक हसले. तेवढ्यात मी खाली मान घालून आईला म्हटलं, “दादा कुठाय?”

“नटत आसंल,” आई म्हणाली. “भिजल्याली पायताणं शोधत आसंल न्हाय तर.”

मी हसलो. मला पायताणांचं काही कळलं नाही. बायकांच्या गर्दीतून मी मागं सरकलो.

आबांची एक सवय होती. नैवेद्य दाखवून झाला की ते बॉयलरच्या पत्र्याला कपाळ टेकायचे आणि दोन्ही तळवे लावून क्षणभर तसेच राहायचे. त्या दिवशी तसेच टेकले. आणि राहिले. हलगी वाजत होती, ती त्यांना ऐकू येत नव्हती. ते कपाळ उचलेनात. साहेबांनी घड्याळ काढलं. मग आबांनी एक हात वर केला. पाणी भरताना पत्रा थरथरतो, तो त्यांच्या रोजच्या ओळखीचा. ही थरथर नव्हती. ठोका होता. थांबून थांबून.

ते वळले ते ओट्याकडे. रांगोळी पाहिली. मग एकेका माणसाचं तोंड पाहत गेले, बायकांचं, आमचं, वरच्यांचं.

“धोंडू कुटं हाय?” आबा म्हणाले. ओरडले नाहीत. बहिरा माणूस इतक्या हळू बोलू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

हुसेनभाई पाना घेऊन शिडी चढले, ते चढले असं म्हणवत नाही, उडालेच. पाणी बंद झालं. हलगीवाल्याला कुणीतरी दंडाला धरून थांबवलं. एकेक बोल्ट सुटायला किती वेळ लागला, ते मी सांगत नाही, कारण मला ठाऊक नाही. हुसेनभाई प्रत्येक बोल्टाशी बोलत होते, “आजा बाबा, आजा, आजा.” आईच्या हातात आरतीचं तबक तसंच होतं. निरांजन विझू नये म्हणून ती दुसऱ्या हाताचा आडोसा करत होती.

दादा बाहेर आला. छातीपर्यंत भिजलेला, ओठ निळे, हातोडी मुठीत. मूठ उघडेना. हुसेनभाईंनी एकेक बोट उलगडून ती काढली. तो शिडीवरून उतरला, ओट्याजवळ आला, खाली बघितलं. वर्षानुवर्षांची सवय, दुसरं काही नाही.

“माजी पायताणं?” दादा म्हणाला.

आई तबक खाली ठेवून अंगणात गेली आणि घेऊन आली. स्वच्छ, धुतलेली, अजून थोडी ओलसर. तिनं ती त्याच्यापुढं ठेवली, मग त्या रांगोळीकडं पाहिलं, मग वर, झाकणाकडं. तिला सांगायला काही राहिलंच नव्हतं. हुसेनभाईंनी तोंड फिरवलं. दादानं पायताणं घातली.

“आरती ऱ्हायलीय,” आबा म्हणाले. “उरका.”

मग आम्ही आरती केली. साहेबही टाळ्या वाजवत होते. दुपारी घरी पुरणपोळ्या झाल्या. मी पोटभर जेवलो, हे मला स्वच्छ आठवतं. दादाही जेवला. कुणी रडलं नाही, कुणी कुणाला बोललं नाही. ताटं घासून ठेवली गेली. त्या वेळी मला वाटलं, वडीलधाऱ्या माणसांचं असंच असतं. आता माझंही वय झालं, पोट सुटलं, आणि कळलं की कुणाचंच कसं असतं ते कुणाला ठाऊक नसतं. हात चालत राहतात, एवढंच.

पुढच्या वर्षापासून मिलनं पितळी बिल्ले केले. आत जाणाऱ्यानं आपला बिल्ला भट्टीच्या दाराला अडकवायचा. ते चांगलंच झालं. लोक बिल्ले अडकवत आणि पायताणंही काढत. दादा त्या वर्षीही आत उतरला. आई मात्र मिलच्या फाटकातून पुन्हा आत गेली नाही. आणि आमच्या घरचा दसरा निघे तेव्हा सगळं हलायचं, धान्याच्या कणग्या हलायच्या, देव हलायचे, मी हलायचो. पण दादाची पायताणं उंबऱ्याशी जिथं असतील तिथंच राहायची. आई सारवत यायची आणि त्यांना वळसा घालून पुढं जायची. पायताणं उचलली की खाली न सारवलेली तेवढी कोरडी जागा दिसायची. वहिनींनी एकदा ती पायताणं पुसायला घेतली, तर आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे.” बस्. त्या दोघांत, आईत आणि दादात, त्या दिवसाबद्दल कधी शब्द निघाला नाही. तो तिच्यावर रागावला होता का? ती तेच विचारायला भीत होती का? एका घरात, एका चुलीवर जेवून, आम्हा कुणाला ते कळलं नाही.

मला दादानं एकदाच सांगितलं. मिलच्या वाटेवर, मी न विचारता.

“पानी आलं तसा दिवा पयला गेला. मग अंदार. डोळं उगडं हायत का झाकल्यात, त्ये कळंना. नळीवर चढून बसलो आन् हातुडी मारत ऱ्हायलो. पर मला माजाच ठोका ऐकू येत न्हाय की रं. हात गारठल्याला, त्योबी सांगंना. मारतुय का नुसतंच वाटतंय, काय कळंना.”

मी म्हटलं, “मग?”

“मग काय? मारत ऱ्हायलो.”

यंदा चैत्रात आई आजारी पडली, ती उठली नाही. शेवटी शेवटी तिचा आवाज खोल गेला होता, कान तोंडाशी न्यावा लागे. एका दुपारी ऊन मी म्हणत होतं. दादा तिच्या पायथ्याशी बसून तळव्यांना तेल चोळत होता. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

“धोंडूला इचार,” ती म्हणाली. “तवा आत... लई अंदार हुता का?”

मी तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं विचारलं, आणि विचारलं ते मला. दादाच्या कानाशी वाकून मी बोललो. त्याला ऐकू गेलं नाही. खुणा करून पाहिल्या. अंधाराची खूण कशी करायची? मी डोळ्यांवर हात ठेवला, तर त्याला वाटलं तिला झोप आली आहे, तो दार लोटायला उठला. मग मात्र ओरडावंच लागलं. आईनं इतकी वर्षं मनात ठेवलेली गोष्ट मी भरदुपारी, कारकुनाच्या चिरक्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडलो.

“आई विचारतीय! बॉयलरमध्ये! लई अंधार होता का!”

समोरच्या विणकराच्या घरातला माग थांबला.

दादाचे हात थांबले. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

“न्हाय गं,” तो म्हणाला, त्याच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात. “दिवा हुता की. जळत हुता की शेवटपतूर.”

आई त्याच्याकडं पाहत राहिली. तिनं ते खरं धरलं की नाही, मला सांगता येणार नाही. मग तिचे ओठ हलले. दादाला ते दिसलं, ऐकू आलं नाही. तो माझ्याकडं वळला.

“काय म्हनली?”

“मग बरं, म्हणाली,” मी म्हटलं.

“आं?”

“मग बरं!” मी ओरडलो. “मग बरं, म्हणाली!”

दादानं मान हलवली आणि पुन्हा तिच्या तळव्यांना तेल चोळू लागला.